दहा लाद्या की बारा? टेबलावरचा क्षेत्रफळाचा पाठ



टेबलाची लांबी ११० सेमी, रुंदी ८० सेमी. त्यावर ३० सेमी बाजूच्या चौरस लाद्या बसवायच्या, तर किती लागतील? असलं गणित आपण सगळेच घालतो. टेबलाचं क्षेत्रफळ ८,८०० चौसेमी, लादीचं ९००. भागाकार नऊच्या पुढे, म्हणून उत्तर १०. पूर्ण गुण! मीही वर्षानुवर्षं असेच गुण देत आलो.

मग दातिवऱ्याच्या एका मुलीने हे गणित घरी खरोखर वापरलं. दातिवरे म्हणजे वैतरणा समुद्राला मिळते तिथलं गाव. मागच्या पडवीत त्यांचं मासे साफ करायचं टेबल. रोजचं पाणी आणि खारी हवा, त्यात सनमायका सुटला नि खालची प्लाय फुगली. वडिलांनी वर लाद्या लावायचं ठरवलं, मुलीने हिशोब करून दिला आणि त्यांनी मोजून दहा लाद्या आणल्या. गवंड्याने काम उरकलं तर दोन जागा उघड्याच! परत दुकानात गेले तेव्हा त्याच नगाची लादी होती, पण दुसऱ्या बॅचची, रंग थोडा गडद. मुलगी वही घेऊन आली, "सर, तुम्ही तर हे बरोबर दिलं होतं."

काय सांगणार? त्या दिवशी ठरलेला धडा बाजूला ठेवला आणि वर्गात फरशीवर खडूने ११० बाय ८० चा आयत काढला. जुन्या खोक्यांच्या पुठ्ठ्याचे ३० सेमीचे चौरस कापले. तुम्हीही हे करून बघा, तासाभराचं काम आहे.

लांबीत तीन अख्ख्या बसतात, २० सेमी उरतात. रुंदीत दोन बसतात, पुन्हा २० उरतात. म्हणजे अख्ख्या सहा. कडेला २० बाय ३० चे पाच तुकडे लागतात, कोपऱ्यात २० बाय २० चा एक. एका लादीतून असा मोठा तुकडा एकच निघतो, उरते ती १० सेमीची पट्टी. सहा आणि सहा, बारा. मुलं खूश, सर चुकले!

पण मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "सर, पट्ट्या फेकायच्या कशाला? दोन जोडल्या की वीस होतात." करून बघितलं. चार लाद्या कापल्या की चार मोठे तुकडे आणि चार पट्ट्या. दोन पट्ट्यांचा पाचवा तुकडा झाला, उरलेल्या दोन कापून कोपरा भरला. दहातच टेबल झाकलं, शिल्लक फक्त १० बाय १० चे दोन तुकडे! म्हणजे पुस्तकातलं उत्तर खोटं नव्हतं. फक्त त्यासाठी जास्तीचे सांधे सोसावे लागतात. मग प्रश्न गणिताचा राहत नाही. मासे साफ करायच्या टेबलावर सांधे वाढवायचे का? त्या मुलीनेच उत्तर दिलं, "नको सर, तिथेच घाण अडकते, वास येतो." माझ्या मते हे उत्तर भागाकारापेक्षा मोठं आहे.

पालकहो, नवीन टेबल करणार असाल तर आधी लादी निवडा, मग फळी कापा. त्याच बारा लाद्यांत १२० बाय ९० चं टेबल एकही लादी न कापता होतं. सांधे मात्र धरायचे. तीन मिमीचा सांधा असेल तर चार लाद्यांत सांधे तीनच, म्हणजे लांबी १२०.९ सेमी. "चार लाद्या, मग सांधे चार" असं बरीच मुलं म्हणतात. हाताची बोटं पसरून मधल्या फटी मोजायला लावा.

कामाबद्दल थोडं. पाणी पडणाऱ्या टेबलावर साध्या प्लायवर लादी टिकत नाही. प्लाय फुगते आणि लादी सुटते. खाली सिमेंटचा बोर्ड घ्या आणि टाईल चिकटवायचा तयार गम वापरा. गम ओला असतानाच लादी दाबून बसवा. पूर्ण वाळल्यावर टिचकी मारून बघा. पोकळ आवाज आला तर खाली हवा राहिलीय. हे काम मुलांना फार आवडतं. सांधे दुसऱ्या दिवशी भरा. माशांच्या टेबलाला इपॉक्सी ग्राऊट महाग पडला तरी तोच बरा, तो पाणी शोषत नाही. आपल्या किनारपट्टीवर कुणी समुद्राची रेती वापरायला निघालं तर थांबवा. त्यातलं मीठ ओल धरतं आणि सुकताना पांढरा लोणा होऊन वर येतं. विज्ञानाच्या तासाला बाष्पीभवनाचं उदाहरण हवंच असतं! लादी कापायचं काम मात्र मोठ्यांचंच, डोळ्यांवर चष्मा लावून. ओलं सिमेंट कातडी जाळतं, तेव्हा मुलांना हातमोजे द्या.

आता मी गणितात दोन ओळी वाढवल्या आहेत : आकृती काढा. सांधे कमीत कमी ठेवायचे असतील तर किती लाद्या, आणि लाद्या कमीत कमी हव्या असतील तर किती?

दातिवऱ्याच्या त्या टेबलावर कोपऱ्यातला आणि त्याच्या शेजारचा तुकडा अजून गडदच आहे. मुलीने वडिलांना तो बदलू दिला नाही.