सचित्र पोथ्यांचा संग्रह आणि सांभाळ

योगशास्त्रात अपरिग्रह हा एक यम सांगितला आहे. तेव्हा जुन्या सचित्र पोथ्या जमविणाऱ्याने हा यम मोडला की काय, असा प्रश्न कीर्तन आटोपल्यावर पुष्कळ मंडळी विचारतात. प्रश्न रास्त आहे. माझ्या समजुतीने, जी पोथी सप्ताहात उघडली जाते आणि मागेल त्याला दाखविली जाते, तिच्या धन्याला परिग्रहाचा दोष लागत नाही. तो तिचा राखणदार. पण राखण करावयाची तर वस्तूची पारख हवी, म्हणून हा थोडा प्रपंच.

आपल्याकडच्या जुन्या सचित्र पोथ्या बहुतेक शिळाछापाच्या. ही विद्या सेनेफेल्डर नावाच्या जर्मन गृहस्थाने १७९६ च्या सुमारास काढली. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली शिळाछापावर मराठी पंचांग छापले, आणि पुढे पोथ्यांचा ओघ सुरू झाला. कृती अशी : गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने अक्षर उठवायचे, मग दगड भिजवायचा. कोऱ्या जागी पाणी राहते, तिथे शाई बसत नाही. ती तेलकट रेघेवरच धरते. वर कागद दाबला की झाले पान तयार. यात मोठी सोय ही की, ओवी आणि चित्र एकाच दगडावर उठतात. म्हणून चित्र ओव्यांच्या मधोमध, कथेत जिथे प्रसंग आला तिथेच बसलेले दिसते. खिळ्यांच्या छपाईत चित्राचा ठसा निराळा असे, आणि एकच राजसभेचा ठसा दोन-तीन कथांना चालवून घेत. शिळाछापातला चित्रकार मात्र कथा ऐकून बसलेला वाटतो.

श्रीधरस्वामींचा 'पांडवप्रताप' घ्या. अशा पोथ्यांत पांडवांच्या डोक्यावर पेशवाई पगडी, द्रौपदी नऊवारीत, नाकात नथ. शिकलेली पोरे हसतात, म्हणतात, महाभारतात पगडी कुठली? अहो, आम्ही कीर्तनकार तरी उत्तररंगात काय करतो? हस्तिनापूर सांगता सांगता आपल्याच गावचा वाडा उभा करतो, तेव्हा माजघरातल्या बाईला द्रौपदीचे दुःख कळते. चित्रकाराने रेघेने तेच केले. शिवाय घरातल्या ज्या माणसाला अक्षर येत नसे, तो पोथी चित्रावरून ओळखे. वाचणारा पान उलटी, आणि 'हे कालियामर्दन आले' म्हणून मागे बसलेली म्हातारी आधीच हात जोडी.

लेखनात आकृतीची ही जोड आपल्या बीड जिल्ह्याला छापखान्याच्याही आधीपासून ठाऊक. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (१५५१–१६१५) पंचीकरणासारखा कठीण विषय सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद पासोडीवर लिहिला, तोही आकृत्यांसह. पाटोद्याहून अंबाजोगाईला जाणाऱ्याने पासोडीची चौकशी केल्यावाचून परतू नये. अलीकडच्या काळात औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) स्वतः चित्रे काढीत आणि कीर्तनही करीत. त्यांचे 'चित्ररामायण' १९१६ साली निघाले. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठीही त्यांनी चित्रे काढली. जुन्या बाजारात 'चित्ररामायण' दिसले तर पाने सारी आहेत का ते आधी मोजावे.

कारण आता कात्री लागू लागली आहे. एका गावी मला 'हरिविजया'ची पोथी दाखविली, तर चित्रांच्या जागी चौकोनी भोके! फेरीवाल्याने चित्रे विकत घेतली, उरलेले घरच्यांना परत दिले. चित्राच्या पाठीवरच्या ओव्याही गेल्या. ते पारायण आता कोणी कसे करावे? दुसरा धोका आपल्या भाविकपणाचा. पाने सुटली की पोथी नदीत सोडायची, ही रीत. मांजरा आमच्या पाटोदा तालुक्यातच उगम पावते, तिला आजवर किती पोथ्या वाहिल्या असतील देव जाणे. सुटी पाने हा पोथीचा मुळातला घाट आहे, ती मोडलेली नव्हे. विसर्जनापूर्वी कोणा जाणत्याला दाखवा, एवढीच हात जोडून विनंती.

आता वयाचे. 'ही ३०० वर्षांची पोथी' असे सांगून दाम मागतात. 'हरिविजया'च्या शेवटी शके १६२४ येते, म्हणजे इसवी सन १७०२. तो ग्रंथ पुरा झाल्याचा शक. तो प्रत्येक छापील प्रतीत असणारच! छापल्याचा शक निराळा, तो मुखपृष्ठावर किंवा अखेरच्या पानावर छापखान्याच्या नावाजवळ पाहावा. शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो. पौषापासून पुढच्या तिथीला बहुधा ७९.

सांभाळ सोपा आहे. धुतलेल्या सुती रुमालात, वर-खाली फळी देऊन, घट्ट बांधावी. जुने लेखक पोथीच्या शेवटी तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून जपण्याची विनवणी लिहीत, ती उगीच नव्हे. कसर लागू नये म्हणून वेखंडाची पुरचुंडी जवळ ठेवावी, पानांत नको. चिकटपट्टी लावू नये, तिचा डिंक काळा पडून अक्षर खातो. प्लास्टिकमध्ये पाने चिकटवून घेणे तर त्याहून वाईट, ती पुन्हा सुटत नाहीत. नीरांजन लांब ठेवावे, हळदकुंकू वरच्या रुमालाला वाहावे. वर्षातून एकदा, पावसाळा सरल्यावर, सावलीत पाने मोकळी करावी. त्याच वेळी नातवाकडून मोबाईलवर प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून घ्यावे, आणि वहीत अध्यायवार पाने किती, चित्रे किती, कोणते गळाले, छापखाना कोणता, हे टिपून ठेवावे. गळालेले पान शेजारच्या गावच्या प्रतीत सापडते. तेथून उतरवून घेऊन आपल्या पोथीत ठेवावे म्हणजे पारायण खंडत नाही.