मैत्री सोळाची, शरीर पन्नाशीचे

पावसाची पहिली सर पडली की मित्रमंडळींत सहलीचे बेत शिजू लागतात. दहावीच्या वर्गातला जुना कंपू पंचवीस-तीस वर्षांनी पुन्हा एकत्र येतो. जीप ठरते, कोणी भाकरी आणायची आणि कोणी ठेचा याची वाटणी होते आणि ठोसेघर, सज्जनगड, कास, नाहीतर दिवाळीनंतर वासोटा असा कार्यक्रम पक्का होतो. महिला मंडळे आणि भिशीच्या मैत्रिणीही आता यात मागे नाहीत. आरोग्याच्या दृष्टीने ही फार चांगली गोष्ट आहे. मोकळे हसणे, भरपूर चालणे आणि एक दिवस संसाराच्या कटकटीतून सुटका, हे टॉनिक कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळत नाही. तेव्हा सहलीला अवश्य जावे.

मात्र मित्रांच्या सहलीत एक धोका असतो. तो म्हणजे भीड. घरच्या माणसांबरोबर असताना "मला दम लागला, जरा बसू या" असे आपण सहज म्हणतो. मित्रांसमोर मात्र जीभ रेटत नाही. म्हटलेच, तर "म्हातारा झालास की रे!" असा पुकारा होतो. मग छातीत दुखणारा दुखणे लपवतो, मधुमेही आपला आजार सांगत नाही आणि पोहता न येणाराही पाण्यात उतरतो. मैत्री सोळा वर्षांची राहिली तरी शरीर पन्नाशीला आलेले असते, हे विसरून चालत नाही.

दुखणे लपवू नका

एका गृहस्थांचे उदाहरण सांगतो. वय ५२, नोकरी बैठी, रक्तदाब वाढलेला. मित्रांबरोबर गड चढताना अर्ध्या वाटेत त्यांच्या छातीवर दडपण आले. सकाळच्या मिसळीचे पित्त असेल अशी समजूत करून घेऊन ते सोडा प्याले आणि तसेच चढत राहिले. दहा जणांत आपल्यामुळे खोळंबा नको, एवढाच विचार. वर पोचेपर्यंत अंग घामाने चिंब झाले, चेहरा पांढराफटक पडला. तेव्हा कोठे मित्रांच्या लक्षात आले. गडावरून उतरवून इस्पितळात नेईपर्यंत चार तास गेले. जीव वाचला, पण हृदयाच्या स्नायूचा काही भाग कायमचा निकामी झाला.

हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने बंद झाली की त्यापुढचा स्नायू मिनिटामिनिटाला मरू लागतो. म्हणून अशा वेळी वेळेइतके मोल कशालाच नाही. छातीत मध्यभागी दाबल्यासारखे किंवा आवळल्यासारखे वाटणे, ती कळ डाव्या हातात, जबड्यात वा पाठीत जाणे, थंड घाम फुटणे, ही मुख्य लक्षणे. स्त्रियांमध्ये व मधुमेहींमध्ये छातीत न दुखता नुसता दम लागणे, मळमळणे किंवा एकाएकी गळून गेल्यासारखे होणे, असेही घडते.

अशा माणसाला जागीच बसवावे. एक पाऊलही चढू देऊ नये. ॲस्पिरिनची वावडी नसेल आणि पोटात रक्तस्राव झालेला नसेल, तर ३०० मिलिग्रॅमची ॲस्पिरिन चावून खायला द्यावी. जिभेखालची गोळी मात्र ज्याला डॉक्टरांनी लिहून दिली आहे त्यालाच द्यावी. दुसऱ्याची देऊ नये, कारण तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि त्याला उचलून खाली आणावे.

निघण्यापूर्वी

ज्यांचे वय चाळिशीपुढे आहे, ज्यांना रक्तदाब, मधुमेह किंवा तंबाखू-विडीची सवय आहे, त्यांनी गडाचा बेत ठरताच आपल्या डॉक्टरांना भेटून तपासणी करून घ्यावी. दोन जिने चढताना छातीत भरून येत असेल, तर तपासणीआधी गडाचे नावही काढू नये. बाकीच्यांनी महिनाभर रोज पाऊण तास भरभर चालण्याचा सराव ठेवावा. वर्षभर गादीवर बसायचे आणि एका रविवारी गड सर करायचा, हे शरीराला मानवत नाही.

ठिकाण किती लांब आहे, याचाही विचार हवा. वासोट्याला जाताना बामणोलीहून लाँचने शिवसागर जलाशय ओलांडावा लागतो आणि मग जंगलातली चढण लागते. वर कोणाला काही झाले, तर आधी उतरणे, मग लाँच, मग मोटार, असे तीन टप्पे पार करून दवाखाना गाठावा लागतो. मोबाईलची रेंज प्रत्येक ठिकाणी मिळतेच असे नाही. म्हणून ज्याच्या प्रकृतीची शंका आहे त्याने अशा ठिकाणाऐवजी मोटाररस्त्याजवळचे ठिकाण निवडावे. त्यात कमीपणा नाही.

मधुमेहींनी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी चढू नये. चालण्याने साखर उतरते आणि सहलीत जेवणाला हटकून उशीर होतो. हातपाय थरथरणे, घाम, चिडचिड, असंबद्ध बोलणे दिसले की तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये.

भगिनींना एक सूचना. वाटेत स्वच्छतागृह नसते म्हणून अनेक जणी दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि घरी आल्यावर लघवीच्या जळजळीची तक्रार घेऊन येतात. पाणी पीत राहावे. थांबण्याची ठिकाणे आधीच ठरवून घ्यावीत.

पाण्याशी खेळ नको

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. डोंगरात वर पाऊस झाला की खाली ऊन असले तरी लोंढा येतो. पाणी एकाएकी गढूळ झाले, त्यात काटक्या-पाला वाहून येऊ लागला, की सामान तिथेच टाकून वर उंचावर यावे. ज्याने दारू घेतली आहे त्याला काठावरही जाऊ देऊ नये.

कोणी बुडत असेल तर मागोमाग उडी मारू नये. बुडणारा वाचवणाऱ्याला मिठी मारतो आणि एकाचे दोन होतात. दोर, ओढणी, लांब फांदी फेकावी. बाहेर काढल्यावर उलटे टांगणे, गरगर फिरवणे, पोट दाबणे हे प्रकार करू नयेत. त्यात मोलाची मिनिटे जातात. श्वास चालू नसेल तर उताणे निजवून, नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास द्यावा आणि छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाब द्यावा. मदत येईपर्यंत थांबू नये. ही क्रिया कंपूतील निदान दोघांनी आधी शिकून घ्यावी.

साप चावला तर

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. दंश झाल्यास जखम कापू नये, विष चोखू नये, दोरीने आवळून बांधू नये आणि मांत्रिकाकडे तर मुळीच जाऊ नये. चावलेला अवयव न हलवता माणसाला उचलून थेट सरकारी रुग्णालयात न्यावे. सर्पदंशावरील लस हाच खरा उपाय आहे.

परतल्यावरही लक्ष ठेवा

पायाला जखम असताना चिखलातून, साचलेल्या पाण्यातून चाललात आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर तो लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. डॉक्टरांना सहलीची हकिकत आवर्जून सांगावी, म्हणजे निदान लवकर होते.

शेवटी सर्वांसाठी तीन नियम. एक, सर्वांत सावकाश चालणाऱ्याला पुढे ठेवा आणि बाकीच्यांनी त्याच्या मागून चाला. दोन, कोणाला कोणता आजार आहे आणि कोणती गोळी चालू आहे, हे निघण्यापूर्वी कंपूतील एकाला तरी ठाऊक असू द्या. तीन, "मला बरे वाटत नाही" असे कोणी म्हणाला, तर चेष्टा न करता सगळ्यांनी तिथेच थांबा. गड काही पळून जात नाही. पुढच्या वर्षीही तो तिथेच असतो. सगळे मित्रही पुढच्या वर्षी सोबत असावेत, एवढी काळजी मात्र आपणच घ्यायची आहे.