लसूण, पालेभाजी, सर्पगंधा आणि बीपीची गोळी

"लसूण खा, बीपी उतरते, गोळीची गरज नाही," हा सल्ला आपल्या वस्त्यांत फुकट मिळतो. त्यात खरे किती आणि धोक्याचे किती, ते या वेळी पाहू. खरे त्यात आहे, म्हणूनच तो सल्ला टिकून आहे.

रक्तवाहिनी म्हणजे नुसता नळ नव्हे. तिच्या भिंतीत स्नायूंचा थर असतो. तो आवळला की वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. सैल पडला की दाब उतरतो. सैल पडण्याचा निरोप वाहिनीच्या आतल्या अस्तरातून येतो आणि तो नेतो नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू. या शोधासाठी १९९८ साली फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हा वायू शरीर स्वतः बनवतेच, पण भाजीतूनही त्याला मदत होते. बीट, पालक, माठ, मुळा यांत नायट्रेट असते. ते पोटात जाते, रक्तातून लाळेत येते आणि जिभेवरचे जंतू त्याचे नायट्राइट करतात. त्यातून पुढे हा वायू तयार होतो. म्हणजे जिभेवरचे सगळेच जंतू वाईट नसतात! जंतुनाशक औषधाने रोज चुळा भरल्या तर ही साखळी तुटते. भाजी उकडून पाणी फेकले तर बरेच नायट्रेट मोरीत जाते. माठ थोड्या पाण्यात, झाकण ठेवून शिजवावा.

लंडनमध्ये बीपीच्या रुग्णांना चार आठवडे रोज पाव लिटर बीटचा रस दिला, तेव्हा वरचा आकडा सरासरी सात-आठ अंकांनी उतरला. रस बंद केल्यावर दोन आठवड्यांत तो पुन्हा पहिल्या जागी आला. हा परिणाम खरा आहे, पण ज्याचे बीपी १७० आहे त्याला आठ अंक पुरणार नाहीत. लसणाचेही तसेच. ठेचलेल्या लसणातील गंधकाच्या द्रव्यांनी वाहिन्या थोड्या सैलावतात, पण गोळीची जागा तो घेत नाही.

"मग झाडपाल्यात दम नाही का?" असे कोणी विचारेल. दम आहे, आणि त्याची साक्ष मुंबईतच आहे. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे पूर्वापार वापरात होती. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती बीपीच्या रुग्णांना देऊन, मोजमाप ठेवून, १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष छापले. १९५२ मध्ये त्या मुळीतून रेसर्पीन वेगळे काढले गेले आणि ते जगभर वापरले गेले. नसांच्या टोकांशी साठलेले, वाहिन्या आवळणारे द्रव्य ते रिकामे करते. पण त्याच कारणाने काही रुग्णांना सुस्ती आली, नाक चोंदले, मन उदास झाले. म्हणून आज ते क्वचितच देतात. झाडातून आले म्हणजे निरुपद्रवी, असे नसते. जुन्या खोकल्यावर चघळला जाणारा जेष्ठमध तर जास्त दिवस घेतल्यास बीपी वाढवतो.

आमचे स्पष्ट मत असे: भाजी खा, लसूण खा, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. गोळीची सवय लागते म्हणून ती सुटत नाही, हा समज चुकीचा आहे. गोळी थांबवली की दाब परत चढतो, आणि अर्धांगवायू सांगून येत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर लसणाच्या कॅप्सूल घेऊ नका. किडनीचा त्रास असेल तर बीटचा रस, शहाळे हे डॉक्टरांना विचारूनच.

ताटात मात्र पालेभाजीइतकेच मिठाकडे लक्ष हवे. दिवसाला सगळे मिळून एका माणसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा मीठ पुरे. लोणचे, पापड, खारे सुकट-बोंबील यांतले मीठ आपण मोजतच नाही. आणि मिश्री! तंबाखूतील निकोटीन वाहिन्या आवळते. सकाळी पालक खाऊन वर मिश्री लावणे म्हणजे एका हाताने सोडायचे आणि दुसऱ्याने आवळायचे.

तिशीनंतर प्रत्येकाने बीपी मोजून घ्यावे. सरकारी दवाखान्यात ते फुकट मोजतात. मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको आणि पाच मिनिटे शांत बसावे. आकडा १४०/९० किंवा वर आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावा, आणि दोन्ही वेळचे आकडे कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवावेत.