रात्रीची पाजणी आणि बाळंतिणीचा थकवा

प्रश्न : माझं बाळ तीन आठवड्यांचं आहे. दर दोन तासांनी दूध मागतं. माहेरी असूनही अंग गळून जातं. रात्री वरचं दूध द्यावं का?

उत्तर : वरच्या दुधाची घाई करू नका. या वयात बाळ चोवीस तासांत 8 ते 12 वेळा पितंच. दूध कमी पडतंय असा त्याचा अर्थ नाही. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, म्हणून रात्रीची पाजणी मोलाची. बाळाला दिवसातून सहा-सात वेळा शू होत असेल आणि वजन वाढत असेल, तर निश्चिंत राहा.

पाजणं तुमचं, पण ढेकर काढणं, लंगोट बदलणं आई आणि नवऱ्याकडे सोपवा. कुशीवर पडून पाजायला शिका. सोफ्यावर किंवा खुर्चीत पाजताना मात्र डुलकी लागू देऊ नका. बाळ दबण्याचा धोका असतो. भेटायला येणाऱ्यांना आईनेच स्पष्ट सांगावं, बारशाला या.

डिंकाचे लाडू, अळिवाची खीर जरूर खा, पण भाकरी, वरण, पालेभाजीही पोटभर हवी. बाळंतिणीला पाणी कमी देण्याची पद्धत मला अजिबात मान्य नाही. लोहाची गोळी प्रसूतीनंतर 180 दिवस घ्यायची असते. चहा आणि कॅल्शियमच्या गोळीपासून ती दूर ठेवा. हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या, गरज वाटल्यास डॉक्टर थायरॉइडही पाहतील.

दोन आठवड्यांहून अधिक काळ सतत रडू येत असेल, बाळ झोपलं तरी तुम्हाला झोप लागत नसेल, तर डॉक्टरांना सांगा. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.