स्वस्त प्लॉट स्वस्त का असतो?

प्रश्न : आम्ही मूळचे खानापूर तालुक्यातले. गलाईच्या धंद्यापायी उभी हयात तमिळनाडूत गेली. आता दुकान पुतण्याच्या हाती देऊन परत यायचं ठरवलंय. या वयात दवाखाना जवळ हवा, म्हणून गावात न राहता शहराच्या कडेला बेताच्या पैशात घर करावं असा विचार आहे. सांगलीत शामरावनगरकडं आणि कुपवाडला, साताऱ्यात शाहूनगरच्या बाजूला जागा बघितल्या. एकाच शहरात दोन वस्त्यांच्या भावात एवढी तफावत कशी? आमचा मुलगा अमेरिकेत ह्यूस्टनजवळच्या उपनगरात राहतो. त्यानं घर घेतलं तेव्हा घरात कधी पुराचं पाणी शिरलं होतं का, हे विकणाऱ्यानं लेखी दिलं होतं. इथं हे कुणाला विचारायचं? आणि सातारा बरा की सांगली?
— एक वाचक, विटा

उत्तर : भाव कमी का, असं एजंटाला विचारलं तर तो म्हणतो, "अजून डेव्हलपमेंट व्हायचीय." ते खोटं नसतं, पण अपुरं असतं. कडेच्या वस्तीत जागा स्वस्त असण्याची काही कारणं काळ गेला की आपोआप मिटतात. काही पैसे मोजून आणि हेलपाटे घालून मिटवावी लागतात. एक मात्र कधीच मिटत नाही. समोरची जागा यांतल्या कुठल्या कारणानं स्वस्त आहे, एवढं कळलं की निम्मं काम झालं.

न मिटणारं कारण म्हणजे जमिनीची पातळी, आणि सांगलीत तेच सगळ्यात मोठं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीत कुणीही भेटलं की पहिला प्रश्न असतो, "आयर्विनला किती फूट?" 1929 साली खुल्या झालेल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी मोजतात. 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका. 2005 मध्ये पाणी 53 फुटांच्या घरात गेलं, ऑगस्ट 2019 मध्ये 57 च्याही वर चढलं आणि जुलै 2021 मध्ये पुन्हा पन्नाशी ओलांडली. हे आकडे पाठ करून ठेवा, कारण सांगलीतली प्रत्येक गल्ली याच फुटांत बोलते. कर्नाळ रोड, सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर इथल्या लोकांना सगळ्यांच्या आधी बाडबिस्तरा हलवावा लागतो. म्हणून जागा बघताना "इथं पूर येतो का?" असं मोघम विचारू नका. "आयर्विनला किती फूट झाल्यावर या कोपऱ्यावर पाणी लागतं?" असं विचारा. जुना रहिवासी क्षणात फुटांत उत्तर देईल. एजंट घुटमळला तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला गाठा आणि 2019 ला त्यानं माल कुठल्या फळीपर्यंत चढवला होता ते विचारा. याहून खरा पुरावा कुठल्याही कार्यालयात मिळणार नाही.

शामरावनगरचं दुखणं थोडं निराळं आहे. तिथं नदीच्या पुराइतकाच पावसाच्या पाण्याचा त्रास आहे. भाग सखल, खाली काळी माती, आणि पाणी वाहून नेणारे जुने ओत वस्ती वाढता वाढता बुजत गेले. मोठा पाऊस झाला की मोकळ्या प्लॉटमध्ये तळं साचतं आणि आठवडेच्या आठवडे हटत नाही. त्यावर लोकांनी काढलेला उपाय म्हणजे मुरमाचा भराव. एकानं जोतं वर घेतलं की पुढच्या वर्षी बांधणारा शेजारी त्याहून वर घेतो, आणि ज्यानं सगळ्यांत आधी बांधलं त्याच्या अंगणात दोघांचंही पाणी उतरतं. तुम्ही पाहिलेल्या प्लॉटभोवतालची घरं रस्त्यापासून किती पायऱ्या वर आहेत, ते मोजा. चार-पाच पायऱ्या असतील तर त्या हौसेनं बांधलेल्या नाहीत. शिवाय काळी माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते आणि भिंतींना तडे पाडते. पाया खाली मुरूम लागेपर्यंत न्यावा लागतो. भराव आणि पाया यांचा अंदाज स्थानिक गवंड्याकडून किंवा इंजिनिअरकडून घ्या, तो जागेच्या किमतीत मिळवा आणि मगच ती जागा स्वस्त आहे की नाही ते ठरवा.

तयार घर घ्यायचं असेल तर समोरच्या रंगावर जाऊ नका. मागच्या बाजूला, बाथरूमपलीकडच्या बोळात जा. नवा रंग तिथवर सहसा पोचलेला नसतो. भिंतीवर सरळ आडवी तपकिरी रेघ, लाकडी चौकटीचा खालचा भाग फुगून पोपडे धरलेला, विजेचा मीटर नेहमीपेक्षा उंच बसवलेला, फ्रीजखाली विटांचा कट्टा, यांतलं काही दिसलं तर घरमालकाला सरळ विचारा. पुरातून गेलेला माणूस बहुधा लपवत नाही; त्याला त्या दिवसांबद्दल बोलायचंच असतं.

तुमच्या मुलाला मिळालेला तो लेखी तपशील टेक्सासलाही सहजी मिळालेला नाही. ऑगस्ट 2017 मध्ये हार्वे वादळ आलं तेव्हा ह्यूस्टनच्या पश्चिमेला अ‍ॅडिक्स आणि बार्कर या दोन पूरनियंत्रक जलाशयांच्या मागच्या वस्त्यांत हजारो घरांत पाणी शिरलं. जलाशय तुडुंब भरला तर पाणी जिथं पसरणार, तिथंच ती घरं बांधलेली होती आणि घेणाऱ्यांतल्या कित्येकांना त्याचा पत्ता नव्हता. 2019 मध्ये तिथला कायदा बदलला आणि पुराबद्दल, जलाशयाच्या क्षेत्राबद्दल जास्त खोलात लिहून देणं विक्रेत्याला भाग पडलं. आपल्या खरेदीखताला असा नमुना जोडलेला नसतो, आणि तो असायला हवा असं मला मनापासून वाटतं. सांगलीला तर तो ह्यूस्टनच्याही आधी हवा होता.

तोवर आपल्या हाती आहे ती पूररेषा. नकाशावर निळी रेषा असते ती साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे. निळी आणि लाल यांच्या दरम्यान परवानगी मिळते ती जोतं लाल रेषेच्या पातळीहून वर घेण्याच्या अटीवर. महापालिकेच्या नगररचना विभागात गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर देऊन झोन दाखला मागा आणि जागा कुठल्या रेषेच्या कुठल्या बाजूला येते, ते त्याच वेळी विचारून घ्या. '100 वर्षांतून एकदा' या शब्दांवर विसंबू नका. दर वर्षी शंभरात एक एवढी ती शक्यता आहे, लागोपाठच्या वर्षांतही ती तेवढीच राहते.

कुपवाड शामरावनगरच्या अगदी उलट. तो माळ आहे, कृष्णेचा पूर तिथं चढत नाही. तिथली स्वस्ताई वेगळ्या कारणांची : एमआयडीसीचा शेजार, ट्रकांची वर्दळ, अर्धवट रस्ते, ड्रेनेजची वाट बघणाऱ्या गल्ल्या. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून 1998 मध्ये महापालिका झाली, पण खर्चाच्या वेळी आपण मागं राहतो ही कुपवाडकरांची जुनी तक्रार आहे. ती रास्त आहे, तरीही घर घेणाऱ्याच्या दृष्टीनं ही कारणं काळाबरोबर मिटणारी आहेत. रस्ता आज ना उद्या होतो. सखल जमीन उंच होत नाही.

आता कागद. लोकांचं जुनं सोनं आटवून त्यात खरं किती आणि डाग किती, हे काढून देण्यात तुमचं आयुष्य गेलं. इथं तेच काम सातबाऱ्यावर करायचं आहे. शेतजमिनीचे गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकले जातात, ती गुंठेवारी. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. 1947 च्या तुकडेबंदी कायद्यामुळं अशी खरेदी नोंदणी कार्यालयात अडायची, म्हणून लोकांनी स्टँपवर, नोटरी करून व्यवहार केले आणि सांगली-मिरजेच्या कडेला वसाहतीच्या वसाहती उभ्या राहिल्या. हमाल, रिक्षावाले, कारखान्यातले कामगार यांनी पोटाला चिमटा काढून ती घरं बांधली. त्यांना नावं ठेवणं मला पटत नाही. त्यांच्या ऐपतीतलं रीतसर घर त्यांच्यासाठी कुणी बांधलंच नव्हतं. 2001 मध्ये राज्यानं गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला, आणि 2021 च्या दुरुस्तीनं ती वाट 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना खुली केली. शुल्क भरून घर नियमित होऊ शकतं. तेव्हा गुंठेवारी म्हटलं की पळून जायचं कारण नाही, पण नियमित झालेलं घर घ्या. "होऊन जाईल" या शब्दावर इसार देऊ नका.

सातबाऱ्यावर विकणाऱ्याचं नाव स्वतंत्र आहे की दहा-पंधरा जणांच्या सामाईकात, हे आधी बघा. इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीचा बोजा, कूळ, बहिणींची नावं आहेत का ते वाचा. बहिणींची सही राहिली म्हणून वर्षानुवर्षं कोर्टात अडकलेली घरं दोन्ही जिल्ह्यांत कमी नाहीत. मग एनए, मंजूर लेआउट, आणि लेआउटमध्ये दाखवलेला रस्ता जागेवर खरोखर आहे की तिथं कुणाचा गोठा आहे. पाच गुंठ्यांपेक्षा मोठ्या जमिनीवर प्लॉट पाडून विकणाऱ्याला साधारणपणे महारेराची नोंदणी लागते. नंबर मागून घ्या आणि महारेराच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. कर्ज काढायचं नसलं तरी राष्ट्रीयीकृत बँकेत जाऊन या जागेवर गृहकर्ज मिळेल का, हे विचारा. बँकेचा वकील ज्या कागदावर नाक मुरडतो, त्यावर आपली आयुष्याची पुंजी घालू नये.

साताऱ्यात प्रश्न वेगळे आहेत. शहर अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलंय, कृष्णा-वेण्णेचा संगम लांब माहुलीला, त्यामुळं सांगलीसारखा पूर तिथं शहरात येत नाही. तिथं अडचण झाली ती हद्दीची. शाहूनगरसारख्या वस्त्या वाढल्या, पण कितीतरी वर्षं त्यांतला काही भाग ना ग्रामपंचायतीत होता ना नगरपालिकेत. सातारकर त्याला त्रिशंकू भाग म्हणायचे. रस्त्यावरचा दिवा गेला तर अर्ज कुणाकडं करायचा, हेच कळत नसे. 2020 मध्ये हद्दवाढ मंजूर झाली आणि शाहूपुरी, शाहूनगर हे भाग शहरात आले. घरपट्टीची आकारणी आता पालिकेची आहे का आणि विकणाऱ्यानं मागची थकबाकी भरली आहे का, हे पावत्या बघूनच ठरवा.

साताऱ्यात त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे नळ कुणाचा. जुन्या गावाच्या वरच्या भागाला कासचं पाणी उतारानं येतं. शाहूपुरीची योजना कण्हेर धरणावरची. कडेच्या बऱ्याच वस्त्यांना जीवन प्राधिकरणाचं, नदीतून उपसलेलं पाणी मिळतं. उपसा आला की वीज आली, वीज गेली की पाणी गेलं. पाणी दिवसाआड येतं का, किती वाजता, किती मिनिटं, आणि मे महिन्यात टँकर मागवावा लागतो का, हे शेजारच्या घरातल्या बाईंना विचारा. पाणी भरायला उठणारं माणूसच याचं खरं उत्तर देतं. वस्ती उतारावर असेल तर आपलं घर पाइपलाइनच्या वरच्या टोकाला आहे की खालच्या, यानं रोजच्या पाण्यात मोठा फरक पडतो. डोंगराचं पोट कापून सपाट केलेला प्लॉट दाखवला तर मागं पक्की भिंत आणि पाणी निघायला गटार असल्याशिवाय पुढं बोलू नका.

राहायला गेल्यावरचं थोडं. सिटी बसवर भिस्त ठेवू नका. रिक्षा आणि वडाप रात्री आठनंतर कुठपर्यंत येतात, ते अजमावा. माणसांची काळजी करू नका. या वस्त्यांत सगळेच कुठून ना कुठून आलेले असतात : जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण, खटाव. "तुमचं गाव कुठलं?" इथून ओळख सुरू होते आणि चौथ्या वाक्याला एखादा पाव्हणा निघतो. कॉलनीची समिती असेल तर पहिल्याच महिन्यात वर्गणी देऊन सभासद व्हा. गटारीचा एकट्याचा अर्ज पडून राहतो, पन्नास घरांच्या सह्यांचा अर्ज नगरसेवकाला घेऊन फिरावं लागतं.

सातारा की सांगली? पुण्याला वरचेवर जाणं असतं, तुम्हाला कोरडी हवा सोसत नसती, तर मी सातारा म्हटलं असतं. पण तुमच्या पत्रात जोर आहे तो दवाखान्यावर. मिरजेत 1894 साली वानलेस हॉस्पिटल उभं राहिलं, 1962 पासूनचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि त्यांच्या भोवती वाढलेली डॉक्टरांची पेठ कर्नाटकातल्याही रुग्णांना ओढून आणते. कुपवाडहून मिरज हाकेच्या अंतरावर. विट्याला भावकीत जायलाही सोयीचं. माझं मत कुपवाडच्या माळाला. शामरावनगरची जागा भाव पाहून मोह पडला तरी सोडा.

मात्र लगेच खरेदी करू नका. जून ते सप्टेंबर त्याच भागात भाड्याचं घर घ्या. चार महिन्यांचं भाडं म्हणजे जागेच्या किमतीपुढं किरकोळ रक्कम, आणि तेवढ्यात रस्ता, पाणी, डास, वीज, शेजार सगळं कळतं. झोन दाखल्याचा अर्ज आल्या आल्या टाका, सातबारा आणि फेरफार वकिलाकडं द्या. पाऊस सरेपर्यंत त्याचा शोध अहवाल हातात येईल आणि दसऱ्याच्या सुमाराला विकणाऱ्याशी भावाचं बोलता येईल.