नाताळच्या पंगतीतील रिकामी जागा
शास्त्रपाठ : २ शमुवेल ९:१-१३

नाताळच्या प्रीतिभोजनाची यादी करताना पंगतीत आता नसलेले स्नेही आपल्याला आठवतात. दाविदालाही मृत योनाथान आठवला. पण तो नुसता हळहळला नाही. मित्राच्या घराण्यात कोणी उरले आहे काय, याची त्याने चौकशी केली. दोन्ही पायांनी पांगळ्या मफीबोशेथाला लो-दबाराहून आणवले व नित्य आपल्या मेजावर बसवले.

भरवेलीत मँगनीजच्या खाणीमुळे माणसे येतात, निवृत्त होऊन जातात. काही प्रभूकडे जातात. मागे कोणाची विधवा, कोणाचे वृद्ध आईबाप राहतात. त्यांना बोलावणे गेले काय? चालवत नसेल त्यांना आणायला कोण जाईल? शब्बाथशाळेच्या वर्गात हेच विचारू या व नावे ठरवू या. स्नेह्याची खरी आठवण त्याच्या माणसांसाठी वाढलेल्या पानात दिसते.