विजेची मोटार सर्वांची केव्हा होते?



सामायिक मोटार म्हणजे गाडी एका संस्थेची आणि वापरणारे अनेक. सभासदाने ठराविक थांब्यावरून ती तासाच्या हिशोबाने घ्यावी, चालवावी व परत आणून ठेवावी. ज्यांना गाडी विकत घेणे परवडत नाही, त्यांना ही सोय सर्वांत उपयोगी. पण अशा गाड्या बहुधा सधन वस्तीतच उभ्या दिसतात. असे का?

आपल्यापैकी अनेकांचे आप्त नागपुरात आहेत, म्हणून तेथील उदाहरण घेऊ. मे २०१७ मध्ये ओला व महिंद्र या कंपन्यांनी तेथे सुमारे २०० विजेच्या वाहनांची सेवा सुरू केली. ही टॅक्सीसेवा होती, पण अनेकांनी मिळून एक गाडी वापरण्याचे तत्त्व तेच. वर्षाच्या आतच चालकांच्या तक्रारी आल्या : चार्जिंगच्या रांगेत तासन्‌तास जातात! काहींनी गाड्या परत करून पुन्हा डिझेलची टॅक्सी घेतली.

आता गणित करा. बॅटरीत १५ युनिट वीज मावते आणि जोडणी ३ किलोवॅटची आहे, तर किती तास लागतील? पाच. (थोडी वीज उष्णतेत वाया जाते, ती सोडून देऊ.) जलद चार्जरवर वेळ कमी लागतो, पण चार्जर थोडे आणि गाड्या पुष्कळ असल्या की रांग आलीच. ज्याचे पोट फेऱ्यांवर आहे, त्याची तेवढी मजुरी बुडाली. योजनेच्या कागदावर हा खर्च कोठेच नसतो.

अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे २०१८ साली सुरू झालेल्या ब्लूएलए योजनेत वस्तीचा विचार आधी झाला. वेस्टलेक, पिको-युनियन अशा कमी उत्पन्नाच्या भागांत रस्त्याच्या कडेलाच गाड्या व चार्जर ठेवले आणि गरजूंना सवलतीचा दर दिला. त्यासाठी राज्य सरकारचा निधी होता. पॅरिसची ऑटोलिब सेवा मात्र २०११ मध्ये सुरू होऊन तोट्यामुळे २०१८ मध्ये बंद पडली. केवळ भाड्यावर सर्व खर्च निघेल, असे गृहीत धरू नये.

आता आपला गौलीगुडा पाहा. रोजच्या प्रवासाला महात्मा गांधी बस स्थानकाजवळ मेट्रोच्या दोन मार्गिका मिळतात. ९ डिसेंबर २०२३ पासून महिलांना शहरातील साध्या बसने मोफत जाता येते. अडते ते रात्री आजारी माणसाला न्यायचे असते तेव्हा, किंवा सामानासह लग्नाला जायचे असते तेव्हा. गल्ल्या अरुंद, जुन्या घरांत गाडी लावायला जागा नाही. कित्येक आजी-आजोबांना मोबाईलवरून गाडी मागवणे जमत नाही आणि अनेक घरांत वाहन परवाना कोणाकडेच नाही. म्हणून माझ्या मते येथे स्वतः चालवायच्या मोटारीपेक्षा चालकासह विजेची ऑटो बरी; ती साध्या फोनवर बोलावता यावी, अनामत रक्कम नसावी. शेअर ऑटोत बसणाऱ्या हैदराबादकराला यात नवे ते काय!

शाळेचे पटांगण रात्री रिकामे असते. तेथे दोन ऑटोंना जागा व स्वतंत्र मीटर देता येईल का, यावर विश्वस्त मंडळाने विचार करावा. पहारेकऱ्याचा प्रश्नही येईल.

आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या गल्लीतील दहा घरी जाऊन विचारावे : गेल्या महिन्यात बस वा मेट्रोने जमला नाही असा प्रवास कोणता, किती वाजता, किती पैसे लागले? घरच्यांची नावे लिहू नयेत. पालकांनी मुलांबरोबर जावे, आणि वह्या वर्गशिक्षकांकडे द्याव्यात.